रंगीत स्पंज आणि प्रवाळभित्तीची राखण: माहितीचा धागा

खारी हवा

प्रवाळभित्ती वाचवायची म्हटलं की सगळं बोलणं प्रवाळांवर आणि माशांवर येऊन थांबतं. त्याच खडकावर लाल, जांभळे, पिवळे, नारिंगी स्पंज पसरलेले असतात, पण पाहणीच्या तक्त्यात त्यांना बहुतेक वेळा 'इतर' नावाच्या एकाच रकान्यात टाकलं जातं. हा धागा त्या रकान्यातल्या प्राण्यांसाठी.

स्पंज हा एका जागी चिकटून राहणारा प्राणी. आजवर ९,००० हून जास्त जातींची शास्त्रीय नोंद झाली आहे. अंगभर सूक्ष्म छिद्रं असतात, त्यांतून पाणी आत जातं. आतल्या कोष्ठांमधल्या पेशी आपले शेपटासारखे धागे सतत हलवत तो प्रवाह चालू ठेवतात, जीवाणू आणि बारीक अन्नकण टिपतात, आणि गाळलेलं पाणी वरच्या मोठ्या तोंडातून बाहेर पडतं. या तोंडाला ऑस्क्युलम म्हणतात. पुढे तोच शब्द वापरतो. एक किलो वजनाचा स्पंज दिवसाला सुमारे २४,००० लिटर पाणी गाळू शकतो, म्हणजे ताशी हजार लिटर. जातीनुसार आकडा खूप बदलतो, पण कामाचा आवाका यावरून कळावा.

दुसरं काम २०१३ साली नीट उलगडलं. प्रवाळ आणि शैवाल जे सेंद्रिय द्रव्य पाण्यात सोडतात ते विरघळलेलं असतं, बहुतेक प्राण्यांना ते खाता येत नाही. स्पंज ते शोषून घेतात, त्यावर नव्या पेशी बनवतात आणि जुन्या पेशी झपाट्याने टाकून देतात. त्या टाकलेल्या कणांवर खेकडे, किडे, गोगलगाई जगतात. मोकळ्या समुद्रात अन्नाचा दुष्काळ असताना प्रवाळभित्ती इतकी गजबजलेली कशी, याचं एक मोठं उत्तर इथे आहे.

आता राखणीचं. स्पंजाला दोन गोष्टी लागतात: अंगातून वाहतं पाणी आणि पायाखाली पक्का खडक. नुकसान जवळपास नेहमी या दोहोंपैकी एकावर घाला आल्याने होतं.

गाळ हा पहिला शत्रू. फिनचा (पायात घालायच्या वल्ह्यासारख्या पंखाचा) फटका वाळूवर बसला की उडालेला गाळ छिद्रांवर बसतो. स्पंज पंपिंग मंद करतो, अंग आकसतो, काही जाती चिकट स्रावात गाळ गुंडाळून बाहेर ढकलतात. एकदा झालं तर निभावतं. रोज वीस-वीस पाणबुडे त्याच कोपऱ्यात गुडघे टेकू लागले तर निभावत नाही. फिनची टोकं तळापासून किमान १ मीटर वर ठेवावी, वर-खाली लाथ मारण्याऐवजी बेडकासारखी पायांची चाल वापरावी, लोंबणारी गेजची (हवेचा दाब दाखवणाऱ्या मापकाची) नळी जॅकेटला अडकवावी. कपारीच्या छताखाली फार वेळ थांबू नये: सोडलेले बुडबुडे छताला साठतात आणि तिथले स्पंज हवेत कोरडे पडतात.

यातूनच पुढचा नियम निघतो. फोटोसाठी, दाखवण्यासाठी, कशासाठीही स्पंज पाण्याबाहेर काढू नये. नलिकांतलं पाणी निथळतं, तिथे हवा भरते आणि परत पाण्यात सोडल्यावर ती सहजी निघत नाही. त्या भागातला प्रवाह थांबतो, ऊतक मरतं आणि कुजणं आजूबाजूला सरकतं. वरून स्पंज दोन-चार दिवस ठीक दिसतो म्हणून लोकांना कारण आणि परिणाम यांचा संबंध लागत नाही.

ओळख, मोजणी, तुटलेल्या स्पंजांची डागडुजी यांवर जाणकारांनी भर घालावी.

नवा भिडू

छान धागा. दोन प्रश्न. पाण्याखाली स्पंज आणि बाकीचे रंगीत गोळे यांत फरक कसा करायचा? आणि फोटोंत भडक दिसणारे रंग प्रत्यक्षात करडे-निळे का दिसतात?

निळाई

रंगाचं आधी सांगते. पाणी लाल प्रकाश सर्वांत आधी गिळतं. स्वच्छ पाण्यातही ५ ते १० मीटरपर्यंत लाल जवळजवळ संपतो, मग नारिंगी, मग पिवळा. त्यामुळे १५ मीटरवरचा रक्तासारखा लाल स्पंज नुसत्या डोळ्यांना काळपट तपकिरी दिसतो. टॉर्च हाताच्या अंतरावरून मारला की खरा रंग उमटतो. कॅमेऱ्याला फ्लॅश नसेल तर पांढऱ्या पाटीवर व्हाइट बॅलन्स लावून घ्यावा, आणि खोली बदलली की पुन्हा.

रंग येतो मुख्यतः कॅरोटिनॉइड रंगद्रव्यांमुळे, आणि काही जातींत बाहेरच्या थरात राहणाऱ्या सायनोबॅक्टेरियांमुळे (उजेडावर अन्न बनवणारे जीवाणू). दुसऱ्या प्रकारातले स्पंज उजेडाच्या बाजूला जांभळट-तपकिरी आणि सावलीच्या बाजूला फिके असतात. एकाच स्पंजाच्या दोन बाजूंचे रंग वेगळे दिसले म्हणून लगेच 'आजारी' अशी नोंद करू नका. आणि नुसत्या रंगावरून जात ठरवू नका, त्याच जातीचे पिवळे आणि जांभळे नमुने शेजारी-शेजारी सापडतात.

ओळखीसाठी हात न लावता एवढं पाहा. अ‍ॅसिडियन म्हणजे समुद्रपिचकारी: तिला दोन तोंडं असतात, अंग गुळगुळीत असतं आणि जवळून पाणी हललं की तोंडं क्षणात मिटतात. स्पंजाचा ऑस्क्युलम मिटतो, पण हळूहळू, कित्येक मिनिटं घेत. मात्र समूहाने राहणाऱ्या पसरट अ‍ॅसिडियन फसवतात. त्यांच्यात प्रत्येक जीवाचं बारीक तोंड ओळीने किंवा फुलासारख्या मांडणीत दिसतं, तसं नक्षीदार पुनरावर्तन स्पंजात नसतं. मऊ प्रवाळ असेल तर आठ झुपकेदार शुंडकांचे पॉलिप (प्रवाळाचे एकेक छोटे जीव) दिसतील. स्पंजाच्या अंगावरच पिवळे-पांढरे छोटे पॉलिप दिसले तर तो स्पंजात घर करून राहणारा झोअँथिड (प्रवाळाच्या नात्यातला प्राणी), स्पंजाचा अवयव नव्हे.

ओहोटी

माझा मुद्दा थोडा वेगळा. वरचं वाचून असं वाटेल की जितके स्पंज जास्त तितकी भित्ती निरोगी. तसं नाही, आणि संवर्धनाच्या प्रचारात हा घोटाळा सर्रास होतो.

क्लायोना गटातले स्पंज घ्या. ते प्रवाळाच्या चुनखडी सांगाड्यात पोखरत शिरतात. पेशी आम्लाने सांगाड्यावर बारीक वर्तुळाकार खाचा पाडतात आणि चुन्याच्या कपच्या सुट्या करून ऑस्क्युलममधून बाहेर टाकतात. वरून दिसतात फक्त नारिंगी किंवा पिवळे ठिपके, आतून मात्र प्रवाळ पोकळ होत जातो आणि पहिल्या वादळात मोडतो. हे नैसर्गिकही आहे, पोखरणं आणि बांधणं यांचा तोल भित्तीत कायम चालू असतो. पण सांडपाण्यामुळे पाण्यात जीवाणू आणि सेंद्रिय कण वाढले की क्लायोनाचं फावतं, आणि त्याच सांडपाण्याने प्रवाळाची वाढ मंदावते. तोल दोन्हीकडून बिघडतो.

दुसरं उदाहरण टेर्पिओस होशिनोता, करडा-काळा, काही मिलिमीटर जाडीचा पसरट स्पंज. शास्त्रीय वर्णन १९९३ सालचं. तो जिवंत प्रवाळावर चादरीसारखा पसरत त्याला मारत जातो. गुआम, जपानचा र्‍युक्यू द्वीपसमूह, तैवान इथे त्याच्या साथी आल्या आहेत.

आणि कॅरिबियनमधला प्रकार तर माशांशी जोडलेला आहे. काही स्पंज विषारी किंवा बेचव रसायनं बनवून स्वतःचं रक्षण करतात, पण वाढतात हळू. काही जाती रसायनांवर खर्च करत नाहीत, भराभर वाढतात आणि एंजलफिश, पॅरटफिश त्यांना कुरतडून आटोक्यात ठेवतात. सापळे लावून हे मासे उपसले गेले तिथे भराभर वाढणाऱ्या जाती माजल्या आणि प्रवाळांवर चढल्या. हॉक्सबिल कासवाचाही मुख्य आहार स्पंजच, आणि कवचासाठी त्याची अमाप शिकार झाली. म्हणजे स्पंजांची राखण करायची तर स्पंज खाणाऱ्यांचीही करावी लागते.

खारी हवा

अगदी योग्य. म्हणूनच पाहणीत एकूण स्पंज-आच्छादनाचा एकच आकडा लिहून काम भागत नाही. किमान चार गट वेगळे मोजावेत: उभे (नळी, पिंप, फांद्या), पसरट, पोखरणारे आणि प्रवाळावर चढलेले. शेवटचे दोन वाढताना दिसले तर तो पाण्याच्या प्रतीचा इशारा धरावा.

दर्यासारंग

मोजणीची पद्धत लिहितो, निधी नसलेल्या गटालाही जमेल अशी.

२० मीटरची फीत एकाच खोलीच्या रेषेवर अंथरा. उतारावर वर-खाली नेऊ नका, कारण ६ मीटर आणि १२ मीटरवरची वस्ती मुळातच वेगळी असते आणि नंतर आकडे तुलनेला येत नाहीत. दर २ मीटरवर ५० × ५० सेंटीमीटरची चौकट ठेवा. चौकट पीव्हीसी पाइपची करा, पाइपाला भोकं पाडा म्हणजे आत पाणी भरून ती तरंगणार नाही. ती स्पंजावर टेकवू नका, एका हाताने किंचित वर धरा. फोटो बरोबर काटकोनात, फ्लॅश दोन्ही बाजूंनी तिरपा. फ्लॅश कॅमेऱ्यालगत असला तर पाण्यातला कचरा चमकून अख्खं चित्र ठिपकेदार होतं. प्रत्येक फोटोत मोजपट्टी आणि रंगपट्टी हवी. मग संगणकावर प्रत्येक फोटोवर २५ ते ५० यादृच्छिक बिंदू टाकून बिंदूखाली काय आहे ते नोंदवायचं. सीपीसीई नावाची प्रणाली याच कामासाठी आहे.

पण यात एक खोट आहे. वरून काढलेल्या फोटोत ६० सेंटीमीटर उंच नळी आणि २ मिलिमीटरचा पापुद्रा यांचं क्षेत्रफळ सारखंच भरू शकतं, पाणी गाळण्याची ताकद मात्र कुठल्या कुठे. म्हणून उभ्या स्पंजांचं आकारमान काढा. नळीला दंडगोलाचं सूत्र चालतं. पिंपाच्या आकाराच्या स्पंजाला छिन्न शंकूचं: उंचीला पायने (π, सुमारे ३.१४) गुणून तीनने भागा आणि त्याला तळाच्या त्रिज्येचा वर्ग, वरच्या त्रिज्येचा वर्ग आणि दोन्ही त्रिज्यांचा गुणाकार यांच्या बेरजेने गुणा. आतली पोकळी उलट्या शंकूसारखी धरून वजा करा.

उदाहरण: तळाचा व्यास ४० सेंटीमीटर, वरचा ३०, उंची ५०. बेरीज ४०० + २२५ + ३०० = ९२५. आकारमान साधारण ४८,४०० घनसेंटीमीटर, म्हणजे ४८.४ लिटर. ऑस्क्युलमचा व्यास १६ आणि पोकळीची खोली २५ सेंटीमीटर असेल तर वजा साधारण १.७ लिटर. उरले ४६.७ लिटर जिवंत ऊतक. पोकळीची खोली मोजायला काठी आत खुपसू नका. पातळ मऊ फीत सोडा, तळाला टेकायच्या आत थांबवा आणि अंदाज लिहा.

तोच स्पंज पुढच्या वर्षी सापडावा म्हणून खूण लागते. क्रमांकाची पट्टी शेजारच्या मेलेल्या खडकात खिळ्याने ठोका, स्पंजापासून १० सेंटीमीटर दूर, नेहमी त्याच दिशेला. स्पंजाला भोक पाडून पट्टी बांधणं बंद व्हायला हवं. आणि खिळा ठोकायचा तर संरक्षित क्षेत्रात त्यासाठी लेखी परवानगी लागते.

सूक्ष्मदर्शी

जातीची खात्री फोटोवरून होत नाही, कंटिका पाहाव्याच लागतात. कंटिका म्हणजे स्पंजाच्या अंगातल्या सिलिकाच्या किंवा चुन्याच्या सूक्ष्म सुया. परवानगी असेल तरच नमुना घ्यावा, आणि तोही १ घनसेंटीमीटर पुरतो: धारदार पात्याने कडेचा तुकडा, ज्यात बाहेरची त्वचा आणि आतला गाभा दोन्ही येतील असा. ओढून तोडलेल्या जखमेपेक्षा कापलेली जखम लवकर भरते. कापण्याआधी फोटो, रंग, स्पर्शाला मऊ की कडक, चिकट स्राव सुटतो का, हे सगळं लिहून ठेवावे. तुकडा ९५ टक्के इथेनॉलमध्ये गेला की रंग बहुतेकदा उतरतो, मग काही कळत नाही. दुसऱ्या दिवशी इथेनॉल एकदा बदलावे, कारण पहिले स्पंजातल्या पाण्याने पातळ झालेले असते.

कंटिका काढण्याची कृती:

तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा छोट्या काचेच्या नळीत घ्यावा, त्यावर साधे घरगुती ब्लीच बुडेपर्यंत घालावे. अर्ध्या-एक तासात ऊतक विरघळते, तळाशी पांढुरका साका राहतो. हा साका म्हणजेच कंटिका. १५ मिनिटे स्थिर ठेवून वरचे पाणी ड्रॉपरने अलगद काढावे, शुद्ध पाणी घालावे, पुन्हा साका बसू द्यावा. असे तीन-चार वेळा. शेवटचे धुणे इथेनॉलने. मग एक थेंब काचपट्टीवर सुकवून सूक्ष्मदर्शकाखाली १०० ते ४०० पट मोठे करून पाहावे.

बिघडते कुठे? घाईने पाणी ओतले तर सर्वांत बारीक कंटिका त्यासोबत जातात, आणि अनेकदा जात ठरते ती नेमकी त्यांच्यावरच. धुणे कमी झाले तर मिठाचे आणि ब्लीचचे स्फटिक उरतात आणि नवशिक्याला तेच कंटिका वाटतात. कंटिका चुन्याच्या आहेत की सिलिकाच्या हे पाहायला वेगळ्या, पूर्ण धुतलेल्या साक्यावर व्हिनेगरचा थेंब टाकावा. बुडबुडे आले तर चुना. ब्लीच असलेल्या नळीत व्हिनेगर किंवा कुठलेही आम्ल कधीही घालू नये, विषारी क्लोरीन वायू सुटतो. आणि साका कोराच राहिला, कंटिका मुळीच नाहीत, तर कृती फसली असे समजू नये. आंघोळीच्या स्पंजांसह काही गटांत कंटिका नसतातच, सांगाडा फक्त स्पंजिनच्या तंतूंचा असतो आणि तो ब्लीचमध्ये विरघळतो.

नवा भिडू

नैसर्गिक आंघोळीचा स्पंज विकत घेणं म्हणजे भित्तीचं नुकसान का?

ओहोटी

काढला कसा यावर अवलंबून. तळ खडकावर ठेवून वरचा भाग कापला तर उरलेल्या तळातून स्पंज पुन्हा वाढतो, वर्षं लागतात पण वाढतो. आकडीने मुळासकट ओढला तर बहुधा संपला. भूमध्य समुद्र आणि फ्लोरिडा-बहामा भागात या धंद्याने आणि वर रोगाने मिळून साठे कोसळले आहेत. १९३८-३९ ची बहामा-फ्लोरिडातली साथ आणि १९८६ पासूनची भूमध्य समुद्रातली साथ प्रसिद्ध आहेत. दोरीवर तुकडे ओवून केलेली स्पंजशेती झांझिबारसारख्या ठिकाणी चालते, त्यातला माल चांगला. विक्रेत्याला स्पंज शेतीतला की समुद्रातून काढलेला हे सांगता येत नसेल तर घेऊ नका.

निळाई

नांगराचं कोणी लिहिलं नाही म्हणून लिहिते, कारण एका नांगराने होणारं नुकसान शंभर पाणबुड्यांनी होत नाही. आणि दोष फक्त फाळाचा नसतो, साखळीचा जास्त. १० मीटर पाण्यात ४० मीटर साखळी-दोर सोडला तर वारा फिरेल तशी होडी सुमारे ३८ मीटर त्रिज्येत फिरते. पूर्ण फेरा झाला तर ४,५०० चौरस मीटरहून जास्त तळावर साखळी घासू शकते. प्रवाळाचा गोळा कधी कधी तग धरतो, नळीचा स्पंज मुळातून कापला जातो.

कायमची मूरिंग बोया (तळाला पक्की बांधलेली, होडी अडकवायची तरंगती खूण) हाच उपाय, पण तीही नीट बसवलेली हवी. बोयाखालच्या दोराला मध्यावर छोटा तरंगणारा गोळा बांधतात, त्यामुळे ओहोटीला दोर ढिला पडला तरी तळावर लोळत नाही. हा गोळा फुटला किंवा शेवाळ-कालवांनी जड झाला की बोयाचा दोरच तळ घासायला लागतो. दर दोन-तीन महिन्यांनी तो तपासा. बोयाभोवती उघड्या खडकाचं वर्तुळ दिसलं तर गोळा काम करत नाही हे नक्की.

दर्यासारंग

+१. आता तुटून पडलेल्या स्पंजाचं.

मोठा पिंपाचा स्पंज आडवा पडला की लाटांसरशी लोळतो, खालची बाजू वाळूत दबते आणि तिथून कुजायला लागतो. झेस्टोस्पाँजिया म्यूटा ही कॅरिबियनमधली जात अतिशय हळू वाढते. तिच्या एका प्रचंड नमुन्याचं वय वाढीच्या गणितावरून २,३०० वर्षांच्या आसपास काढलं गेलं आहे. असा स्पंज 'पुन्हा येईल' म्हणून सोडून देता येत नाही.

फ्लोरिडात अशा सुट्या झालेल्या स्पंजांना परत बसवण्याचा प्रयोग झाला. काँक्रीटच्या ठोकळ्यांत रोवलेले पीव्हीसी पाइप आणि तळाला प्लास्टिकची जाळी, त्या चौकटीत स्पंज उभा धरून ठेवायचा. मध्ये वादळं येऊनही निम्म्याहून जास्त स्पंज दोन वर्षांहून अधिक टिकले. खोल पाण्यातले जास्त टिकले, उथळातल्यांना लाटांनी पुन्हा उखडलं.

प्रत्यक्ष करताना: स्पंज पाण्यातच हलवा, छिद्रांच्या प्लास्टिक क्रेटमधून, सरळ उभा. उचलणाऱ्याचे बुडबुडे स्पंजाखाली जाणार नाहीत असे बाजूला राहा. तळाचं कुजलेलं ऊतक मऊ, करडं किंवा पांढरट, सुटून येणारं असतं. ते निरोगी थर लागेपर्यंत कापून टाका आणि तो कचरा पिशवीत भरून वर आणा. दुसऱ्या स्पंजाकडे जाण्याआधी सुरी बदला. मूळ जागेच्याच खोलीवर आणि तितक्याच उजेडात बसवा. बांधायला रुंद मऊ जाळी वापरा, बारीक दोरी ऊतकात रुतते. सागरी एपॉक्सीने जिवंत स्पंज चिकटत नाही, चिकट पृष्ठभाग सुटून येतो आणि खाली ऊतक गुदमरतं. प्रवाळाला एपॉक्सी चालतो म्हणून इथेही चालेल असं धरून बरेच गट स्पंज घालवतात.

खडकाला धरायला सहा महिने तरी द्या. पहिली पाहणी दोन आठवड्यांनी, मग दरमहा. हलक्या पाण्याच्या झोताने डोलला नाही तरच चौकट काढा.

मासेमारीची दोरी गुंतलेली असेल तर ओढू नका. दोन्ही बाजूंनी ऊतकालगत कापा, सुटे तुकडे जाळीच्या पिशवीत. जो भाग स्पंजाने आत गिळून वर वाढ केली आहे तो तसाच राहू द्या. तो खेचून काढला की अख्खा काप पडतो.

खडकपाणी

तुकडे कापून नवीन जागी लावले तर ओसाड भित्ती लवकर भरणार नाही का? स्पंजाचा तुकडा तर जगतोच. १९०७ मध्ये एच. व्ही. विल्सन यांनी स्पंज कापडातून गाळून पेशी सुट्या केल्या, तरी त्या पुन्हा एकत्र आल्या होत्या.

दर्यासारंग

काचेच्या भांड्यात पेशी जुळणं आणि लाटांत तुकडा टिकणं यांत फार अंतर आहे. पण तुमचा मुद्दा बाद नाही. फ्लोरिडा उपसागरात १९९१-९२ मध्ये सायनोबॅक्टेरियांच्या वाढीने स्पंजांचा मोठा मृत्यू झाला, पुढेही असे प्रसंग आले. तिथे उरलेल्या निरोगी स्पंजांचे तुकडे विटांना केबल टायने बांधून लावले जातात. स्पंजांच्या आसऱ्याने काटेरी लॉबस्टरची पिल्लं राहतात, म्हणून त्या कामाला वजनही आहे.

अटी तीन. मूळ स्पंजाचा मोठा भाग जागेवर राहिला पाहिजे. तुकडा मुठीएवढा तरी हवा आणि त्याच्या एका बाजूला मूळची त्वचा शाबूत हवी. लहान तुकड्यात जखमेचं क्षेत्र आकारमानाच्या मानाने जास्त, तो पहिल्याच आठवड्यात संपतो. टाय इतकाच आवळा की तुकडा हलणार नाही पण दबणारही नाही. सतत हलणारा तुकडा कधीच धरत नाही, फसण्याचं नेहमीचं कारण हेच. सगळं जमलं तर काही आठवड्यांत तो विटेला धरतो आणि टायवरून वाढतो.

आणि या तिन्हींच्या आधीची गोष्ट: पहिले स्पंज कशाने मेले ते कळल्याशिवाय लावू नका. गढूळ किंवा सांडपाण्याच्या जागी लावलेले तुकडेही मरतात आणि निरोगी स्पंज विनाकारण कापले जातात.

खडकपाणी

पटलं. मग लावलेला तुकडा जिवंत आहे, पंप करतोय, हे पाहायचं कसं?

सूक्ष्मदर्शी

फ्लुओरेसिन नावाचा रंग वापरतात. चिमूटभर समुद्राच्या पाण्यात विरघळवून सुई नसलेल्या सिरिंजमध्ये भरावा. स्पंजाच्या बाजूला, पृष्ठभागापासून १-२ सेंटीमीटर अंतरावर १ मिलिलिटर अलगद सोडावा. स्पंजात टोचायचा नाही. पंप चालू असेल तर थोड्याच वेळात ऑस्क्युलममधून हिरवट-पिवळी धार निघते. प्रवाह जोराचा असेल तर रंग वाहून जातो आणि उत्तर चुकीचे येते, म्हणून भरती-ओहोटीच्या मधली शांत वेळ निवडावी.

धार निघाली नाही म्हणून मेला असेही नाही. स्पंज अधूनमधून स्वतःच तोंडे मिटतात. काही तासांनी, शक्यतो दुसऱ्या दिवशी, पुन्हा पाहावे. तसेच पिंपाच्या स्पंजातून धुरासारखे लोट निघताना दिसले तर तो प्रजननाचा काळ असतो, आजार नव्हे. काही जाती बाहेरचा पातळ थर टाकतात, खाली नवी स्वच्छ त्वचा असते. तोही आजार नाही. आजाराची खूण म्हणजे खचलेले ऊतक, उघडे पडलेले तंतू आणि त्यावर पांढरी बुरशीसारखी साय.

तापमानाचीही नोंद ठेवावी. ग्रेट बॅरिअर रीफवरच्या ऱ्होपालोइडिस ओडोराबिले या जातीवर प्रयोग झाले: ३१ अंश सेल्सिअसला स्पंज ठीक, ३३ अंशांना काही दिवसांतच त्यातले सहजीवी जीवाणू बदलले आणि ऊतक मरू लागले. सहनशक्तीची रेषा इतकी अरुंद असू शकते.

नवा भिडू

हात लागला तर अंगाला काही होतं का?

निळाई

काही जातींनी होतं. टेडेनिया इग्निस म्हणजे अग्निस्पंज, आणि निओफिब्युलॅरिया गटातल्या जाती. आग, सूज, फोड. चोळू नका, चोळल्याने कंटिका आणखी आत जातात. त्वचा सुकवा, चिकटपट्टी लावून ओढून काढा, दोन-तीन वेळा, मग १०-३० मिनिटं व्हिनेगरचा बोळा ठेवा. फोड आले किंवा श्वास जड झाला तर थेट डॉक्टर. हातमोजे हा उपाय नाही. मोजे घातले की लोक निर्धास्तपणे सगळ्याला हात लावत सुटतात. सनस्क्रीनऐवजी लांब बाह्यांचा पोहण्याचा शर्ट घाला, त्वचाही वाचते आणि पाण्यात रसायनही जात नाही.

खडकपाणी

शेवटचं विचारतो. वादळानंतर पहिल्यांदा पाण्यात उतरल्यावर पाटीवर नेमकं काय लिहावं? वेळ कमी असतो.

दर्यासारंग

तारीख, वेळ, खोली, तापमान, दृश्यमानता मीटरमध्ये. मग खुणेच्या प्रत्येक क्रमांकापुढे एकच अक्षर: 'उ' उभा, 'आ' आडवा पडलेला, 'अ' अर्धा तुटलेला, 'न' नाहीसा, 'ग' गाळाखाली. आडव्यांचं काम आधी, कारण त्यांचा वेळ मोजका असतो. गाळाखालच्या स्पंजांवर हाताने वारा घालून गाळ उडवू नका, तो शेजारच्यावर बसतो; ढिगारा मोठा असेल तर रुंद तोंडाच्या पिचकारीने ओढून प्रवाहाच्या खालच्या बाजूला, मोकळ्या वाळूवर सोडा. अर्ध्या तुटलेल्यांना हात लावू नका, फक्त फोटो काढा. कापासारखी स्वच्छ जखम बहुधा आपली आपण भरते, आणि पुढच्या दोन फेऱ्यांतल्या फोटोंवरून ती भरतेय की सरकतेय ते कळतं.

खारी हवा

या अक्षरांत एक जोडतो: 'स', म्हणजे साखळी किंवा दोर गुंतलेला. तो कोणत्या दिशेने आलाय तेही बाणाने दाखवा. दुसरं टोक बहुतेक वेळा २०-३० मीटरवर आणखी कशाला तरी गुंतलेलं असतं, आणि ते तसंच राहिलं तर पुढच्या उधाणाला तोच दोर पुन्हा फिरतो.